पाणी मारलेला ओटा

"बाई, सरका जरा मागं. चिखल उडतोय. मग म्हणाल, इग्नात्सनं कोट खराब केला."

ओतिलिया ग्रुश्का सरकली नाही. रेल्वेरुळांवरच्या जुन्या पादचारी पुलाच्या कठड्याला हात टेकून ती ड्रिलकडे बघत राहिली. ड्रिल काँक्रीटमध्ये उतरत होतं, राखाडी पाणी तिच्या बुटांपर्यंत येत होतं आणि खालून कोळशाची मालगाडी चालली होती, तिला काही शेवटच नव्हता. रेल्वेनं पूल नुकताच नगरपालिकेच्या गळ्यात घातला होता आणि तो ठेवायचा की पाडायचा, हे तिला ठरवायचं होतं. तपासणीचं काम ओतिलियाच्या प्रयोगशाळेकडे आलं होतं. आलं कसलं, या कामाची ती पंचवीस वर्षं वाट बघत बसली होती.

"शी! काय वास हा!" इग्नात्सनं नाक मुरडलं. "कुजकी अंडी."

"स्लॅगचा सिमेंट आहे, लोखंडाच्या मळीचा. भट्टीतली गंधकाची खोड जात नाही त्याची."

इग्नात्सनं ड्रिल बंद केलं आणि काँक्रीटचं नळकांडं अलगद ओढून बाहेर काढलं. बाहेरच्या अंगाला मेल्यासारखं पांढुरकं. मध्ये गंजलेल्या सळीचा तुकडा. आणि सळीच्या पलीकडे, जिथे कधी हवा पोचलीच नव्हती तिथे, निळसर हिरवा, ओला, मोरपंखी म्हणावा असा रंग.

"आई गं," इग्नात्स म्हणाला. "ऐन तारुण्यात माझ्या बायकोचे डोळे असे होते. आता नाहीत."

ओतिलियानं ते तिथेच छिन्नीनं उभं फोडलं, खिशातून छोटी बाटली काढली आणि ताज्या फुटीवर फवारा मारला. आतला भाग क्षणात गर्द गुलाबी झाला. सळीच्या बाहेरची पट्टी मात्र जशीच्या तशी, रंगाचा टिपूससुद्धा नाही. चांगल्या काँक्रीटच्या अंगात चुन्याचा दम असतो, तोवर सळी गंजत नाही आणि हे औषध गुलाबी होतं. हवा आत शिरून तो दम खाऊन टाकते तिथे औषध नुसतं पाणी राहतं. इथे हवा थेट सळीपर्यंत जाऊन बसली होती.

"आतून जिवंत, बाहेरून खलास," इग्नात्स म्हणाला.

"सिमेंट कमी वाटतो का तुला यात?"

"कमी? अहो, माझ्या ड्रिलचे दात पडायची वेळ आली! सिमेंट चोरीला गेला असता तर लोण्यासारखं..." आणि त्यानं एकदम जीभ चावली. बाई कोणाची मुलगी, हे त्याला आठवलं असावं. गावात ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"बोल की. चोरीला गेला असता तर काय?"

"लोण्यासारखं कापलं गेलं असतं," इग्नात्स मान खाली घालून म्हणाला.

"अजून एक काढ."

"रिपोर्टपुरती झाली की."

"रिपोर्टसाठी नाही. शुक्रवारी हिएरोनिम रोगालांचा नामदिन आहे. मोकळ्या हातानं कसं जायचं?"

इग्नात्सनं तिच्याकडे बघितलं, मग ड्रिलकडे बघितलं, आणि पुन्हा पाणी सोडलं.

*

झेनॉन ग्रुश्का, ओतिलियाचे वडील, पोलाद कारखान्याच्या बांधकाम खात्यात मुकादम होते. हा पूल त्यांनी ओतला. स्लॅगचा सिमेंट आळशी, घट्ट व्हायला वेळ घेतो, त्याला भरपूर दिवस पाणी मारावं लागतं. म्हणून झेनॉननी सगळा पूल पेंढ्याच्या चटयांनी झाकला होता आणि माणसं लावून दिवसरात्र चटया भिजवत ठेवल्या होत्या. त्या वर्षी बावीस जुलैला कम्युनिस्ट राजवटीची तिशी साजरी व्हायची होती. वरून बडा पाहुणा येणार, फीत कापणार. खात्याचे डायरेक्टर होते रोगाला. ते दोन दिवस आधी आले आणि चटया बघून त्यांचं टाळकं फिरलं.

"हा पूल आहे का गोठा? पाहुण्याला काय पेंढा खायला घालणार आहेस? काढ सगळं! चुना फास आणि झेंडे लाव."

"साहेब, पोर अजून ओलं आहे," झेनॉन म्हणाले होते. "उन्हात टाकलंत तर कातडी भाजेल त्याची. आयुष्यभर खोकत राहील."

चटया निघाल्या. ट्रक भरून कुठे गेल्या, कोणी विचारलं नाही. चुना फासला, झेंडे लागले, फीत कापली, आणि जुलैच्या उन्हानं काँक्रीटची कातडी पार शोषून घेतली.

सतरा वर्षांनी पुलाचा एक तुकडा सुटून खाली पडला आणि कामावर निघालेली एक बाई जागच्या जागी गेली. तोवर राजवट बदलली होती, पण रोगाला काही बदलले नव्हते. दोषी कोणीतरी हवाच होता. झेनॉननं सिमेंट विकून पूल पातळ केला, असं ठरलं. गावानं ते लगेच मानलं, आणि मानलं का, तर त्या गावात कारखान्याचा सिमेंट न नेलेला माणूस शोधून सापडला नसता. कोणाचं गॅरेज, कोणाचं तळघर, कोणाचा डुकरांचा गोठा, सगळं कारखान्याच्या पिशव्यांवर उभं. मग झेनॉननं का नेला नसेल? जो एकटा नेत नव्हता, तोच नेमका चोर ठरला. संताप येतो की नाही?

कोर्टात झेनॉननी चटयांचं सांगितलं. रोगाला शांतपणे म्हणाले, "कसल्या चटया? मला तर काही आठवत नाही." मग तज्ज्ञ म्हणून लिप्का उभे राहिले. त्यांनी पुलाचा तो पडलेला तुकडा मेजावर ठेवला आणि सगळ्यांसमोर त्यावर बाटलीतलं औषध फवारलं. रंग आला नाही. "बघा, न्यायाधीश महाराज. दम नाही. सिमेंटच नाही यात." न्यायाधीशांनी पुढे वाकून बघितलं. तिसऱ्या बाकावर एकोणीस वर्षांची ओतिलिया बसली होती, तिनंही बघितलं. वडील तुरुंगात गेले.

तिला दातांच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळाला होता. तो सोडून तिनं बांधकामाच्या मालाचं शिक्षण धरलं.

"अगं, मुली दात बघतात, दगड नाही!" आई रडकुंडीला आली होती.

"मला त्या बाटलीत काय होतं ते बघायचंय," ती म्हणाली.

दुसऱ्या वर्षाला तिला समजलं. औषध ताज्या फुटीवर मारायचं असतं, तिथल्या तिथे. लिप्कांनी आणलेला तुकडा अख्खा हिवाळा पोलिसांच्या अंगणात पाऊस खात पडला होता. त्यावर कसला रंग येतोय? बारक्या विद्यार्थ्याला कळतं ते लिप्कांना कळत नव्हतं थोडंच. ती धावत घरी आली. वडील सुटून आले होते आणि स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते.

"बाबा, त्यांनी शिळ्या तुकड्यावर फवारलं!"

"मला माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

झेनॉननी बटाटा फिरवून सालीचा शेवटचा तुकडा काढला. "कोणाला सांगू?" ते म्हणाले.

पुढे ते फार जगले नाहीत. ओतिलियाला मात्र तेव्हापासून एकच गोष्ट हवी होती आणि ती कधी आडवळणानं बोलली नाही: सूड. कोर्टकचेरी तिला नको होती. कोर्ट तिनं एकदा पाहिलं होतं. वडिलांची अब्रू चारचौघांत गेली होती, तेव्हा रोगालांचीही चारचौघांतच जायला हवी होती, आणि चारचौघं म्हणजे कोण, तर त्या वेळी गप्प बसलेले तेच सगळे. पण तेव्हा पूल रेल्वेचा, परवानगी रेल्वेची, आणि दर वेळी वरून नकार यायचा. लग्न जमलं नाही, मैत्रिणी गाव सोडून गेल्या. ही तिथेच राहिली, दुसऱ्यांच्या बाल्कन्या आणि गच्च्या तपासत, रोज संध्याकाळी त्या पुलावरून घरी जात.

*

पोलंडमध्ये नामदिनाला बोलावणं नसतं. ज्या संताचं नाव ठेवलं त्याचा तो दिवस, तारीख पंचांगात छापलेली असते. येईल त्याला बसवायचं, खायला घालायचं, दारातून परत पाठवायचं नाही. रोगालांच्या घरी दर वर्षी बांधकाम खात्याची जुनी मंडळी जमत. मागच्या बागेत ओट्यावर लांब टेबल मांडलं होतं. तेलातले हेरिंग मासे, प्लमचा केक, चेरीची दारू. डेलियाची फुलं इतकी माजली होती की डोळे दुखावेत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे रोगाला ताठ बसले होते, गाल लाल, आवाज खणखणीत. त्यांच्या उजव्या हाताला लिप्का.

ओतिलिया फाटकातून आत आली तशी सगळ्यांची तोंडं तिकडे वळली. रोगालांच्या बायकोनं, अल्डोनाबाईंनी, तिला ओळखलं नाही. त्या बिचाऱ्या लगबगीनं खुर्ची घेऊन आल्या.

"या, या! अहो, उभ्या का? कोणाकडच्या तुम्ही?"

"ग्रुश्कांकडची. झेनॉनची मुलगी."

"बस की, बस," रोगाला म्हणाले. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही त्यांच्या. "नामदिनाला शत्रूलाही पान वाढतो आपण. अल्डोना, केक दे हिला. आणि खुर्ची बिनधास्त टेक हो पोरी, हा ओटा हलत नाही. मी स्वतःच्या हातांनी ओतलाय. आपल्याच कारखान्याचा सिमेंट. बेचाळीस वर्षं झाली, केसाएवढी चीर दाखव, हवं ते देतो!"

मंडळी हसली. ओतिलियानं केक घेतला नाही. तिनं ओल्या फडक्यात गुंडाळलेलं नळकांडं पिशवीतून काढून केकच्या शेजारी ठेवलं.

"शंभर वर्षं जगा, साहेब. भेट आणलीये. तुमच्या पुलाची."

आधीच खाच पाडून ठेवली होती. टेबलावरच छिन्नी लावली, एक घाव घातला, नळकांडं उभं चिरफाळलं. कुजक्या अंड्यांचा वास हेरिंगवर पसरला. तिनं फवारा मारला. आत गुलाबी, बाहेर कोरडी पांढरी पट्टी, पट्टीच्या टोकाला गंजकी सळी. टेबलाभोवती सगळे बांधकामातलेच होते. समजावून सांगायची गरज नव्हती.

"लिप्कासाहेब," ती म्हणाली, "वाचा. मोठ्यानं. कोर्टात वाचलं होतंत तसं."

लिप्कांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सिमेंट... सिमेंट आहे," ते पुटपुटले.

"ऐकू आलं नाही."

"सिमेंट भरपूर आहे! झालं?"

"बाहेरचं काय झालं मग?"

रोगालांनी दारूचा निवांत घोट घेतला. "अगं, स्लॅगचा सिमेंटच तसला. हवा खातो तो. आम्हाला कारखान्यानं तोच दिला, आम्ही तरी काय करणार? तुझा बाप चोर नव्हता म्हणतेस? नसेल. मीही नाही. मालाचा स्वभाव, पोरी. मालावर कोण खटला भरणार?"

लिप्का घाईघाईनं मान डोलवू लागले. बाकीच्यांचेही खांदे सैल झाले. कोणीतरी हेरिंगची बशी पुढे सरकवली. ओतिलियाला वाटलं, झालं, निसटला. पंचवीस वर्षं ज्याच्यासाठी रक्त आटवलं तो तोंड पुसून निसटला. तिची नजर खाली गेली, आपल्या बुटांवर, आणि बुटांखालच्या ओट्यावर.

"हा ओटा कोणत्या सिमेंटचा म्हणालात?"

"काय?"

उत्तरासाठी ती थांबलीच नाही. ओट्याच्या पायरीशी गुडघे टेकले, कोपऱ्यावर छिन्नी ठेवली आणि सगळा जीव एकवटून हातोडा घातला.

"ए! ए! माझा ओटा!" रोगाला पहिल्यांदा खुर्चीतून उठले. "वेड लागलंय का हिला?"

कोपरा उडून डेलियांत पडला. फुटीत तोच रंग, निळसर हिरवा, ओला, पार वरपर्यंत. तिनं फवारा मारला. कडेची नखाएवढी रेघ सोडली तर पायरी कातडीपर्यंत गुलाबी झाली.

"तोच सिमेंट," ती म्हणाली. "तेच वर्ष. हा का नाही हो हवा खात? याचा स्वभाव चांगला?"

आणि मग अल्डोनाबाई बोलल्या. केकचा चाकू हातात घेऊन, भाबडेपणानं, नवऱ्याच्या ओट्याचं कौतुक चाललंय असं समजून.

"खाईल कसा? मी पाणी मारलंय त्याला! सबंध उन्हाळाभर, सकाळ-संध्याकाळ. समुद्रावर जायचं ठरलं होतं, तेसुद्धा रद्द केलं यांनी. म्हणाले, अल्डोना, महिनाभर चटया वाळू द्यायच्या नाहीत, वाळल्या की ओटा मेला. पेंढ्याच्या चटया होत्या, ट्रकभर! पुलावरून आणल्या होत्या नाही का हो तुम्ही? झेंडे लागले त्या दिवशी..."

त्यांचा आवाज मध्येच पडला. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या फुटक्या नळकांड्याकडे, मग ओतिलियाकडे. चाकू त्यांनी हळूच केकशेजारी ठेवला.

"कसल्या चटया," ओतिलिया म्हणाली. "साहेबांना तर काही आठवत नाही."

लिप्का उठले आणि टोपी शोधू लागले. टोपी डोक्यावरच होती. मग एकेक जण उठला. निरोप कोणी घेतला नाही, बाईंच्या केकला हात कोणी लावला नाही. फाटक वाजत राहिलं.

"झाला जीव गार?" रोगाला फुत्कारले. "झेनॉन परत येणार आहे का यानं?"

"नाही," ओतिलिया म्हणाली. "येणार असता तर मी इथे कशाला आले असते?"

फाटकातून तिनं मागे वळून बघितलं. म्हातारा ओलं फडकं घेऊन पायरीशी वाकला होता आणि डाग खसाखसा पुसत होता. ताज्या फुटीवरच्या त्या औषधाला पाणी लागलं की रंग आणखी चढतो. हे त्यालाही ठाऊक असणार, तरी पुसत होता. अल्डोनाबाई खुर्चीच्या पाठीला धरून नुसत्या उभ्या होत्या. ओतिलियाला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. घरी जाऊन तिनं दोन अंडी तळून खाल्ली आणि लहान मुलासारखी झोपली.

*

गावाला बातमी पोचायला दिवस पुरला. रोगाला बाजारात दिसेनासे झाले. ओतिलियाला लोक उगाचच नमस्कार करू लागले, पण झेनॉनचं नाव कोणी काढत नव्हतं. ज्याला चोर म्हणायला अख्खं गाव पुढे आलं होतं, तो चोर नव्हता असं म्हणायला कोणाची जीभ उचलत नव्हती. याचा तिला नव्यानं संताप आला.

एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, गाव कबरस्तानात लोटतं. वडिलांच्या कबरीवर तिनं दिवे लावले आणि नळकांड्याचा अर्धा तुकडा दगडाशी ठेवला. महिन्याभरात हवा लागून त्याचं निळं उडालं होतं. कुठल्याही दगडासारखा दगड.

वाटेवरून अल्डोनाबाई येताना दिसल्या. एकट्या, काळ्या कोटात, हातात पत्र्याची झारी. लोकांनी वाट दिली आणि माना वळवल्या. त्या झेनॉनच्या कबरीशी थांबल्या. ओतिलियाकडे त्यांनी बघितलं नाही. कुंड्यांतल्या शेवंतीला त्या पाणी घालू लागल्या. जड झारी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

शेजारच्या कबरीवरच्या बाईला राहवलं नाही. "काय हो अल्डोनाबाई, हे तुमचे कोण?"

"कोणी नाही," अल्डोनाबाई म्हणाल्या, चारजणांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "यांनी चोरी केली नव्हती. यांच्या चटया आम्ही नेल्या."

दिवे लावणारे हात तसेच राहिले. ओतिलिया हे वाक्य पंचवीस वर्षं दुसऱ्याच कोणाच्यातरी तोंडून ऐकायला बसली होती. ते या तोंडून आलं. तिला रडू आलं नाही, आणि म्हातारीला खाली बस म्हणावंसंही वाटलं नाही.

एक कुंडी भरली, दुसरी भरली. पाणी काठावरून दगडावर उतरलं आणि काँक्रीटचा तो तुकडा भिजून गडद झाला.

"अजून घालू का?" अल्डोनाबाईंनी विचारलं.

"घाला," ओतिलिया म्हणाली. "पुरे झालं की मी सांगते."